कॅल्शियम तपासणीतले आर्सेनिक बेसिनमध्ये ओतू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाण्यात स्टेशनपासून घोडबंदर रोडपर्यंत आणि नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत रक्ततपासणीच्या लॅब जागोजागी आहेत. शिवाय बाहेरगावचे नमुने आणून तपासणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळाही याच पट्ट्यात आहेत. या लॅबच्या कचऱ्याचा विषय निघाला की बोलणे सुया, ग्लोव्हज, रक्ताच्या नळ्या आणि पिवळ्या-लाल पिशव्यांपुरते होते. बेसिनमधून काय वाहून जाते, हे सहसा कुणी विचारत नाही. त्यातल्या एका द्रवाविषयी हे पत्र आहे : सीरम कॅल्शियमच्या तपासणीचा जांभळट रिएजंट, म्हणजे तपासणीसाठी नमुन्यात मिसळायचे रसायन. बहुतेक किटमध्ये त्याचे रंगद्रव्य ‘आर्सेनाझो-३’ असते आणि त्याच्या प्रत्येक रेणूत आर्सेनिकचे दोन अणू असतात. बाटली रोज हाताळणाऱ्या अनेक तंत्रज्ञांनाही हे ठाऊक नसते. त्यांचा दोष नाही, कारण लेबलवर ते ठळकपणे कुठेच येत नाही.

आधी हिशेब. किटसोबतच्या माहितीपत्रकात रंगद्रव्याचे प्रमाण दिलेले असते, साधारण लिटरला ०.१ ते ०.२ मिलिमोल. त्या आकड्याला १५० ने गुणले की एका लिटरमधले आर्सेनिक मिलिग्रॅममध्ये मिळते. म्हणजे ०.२ असेल तर ३० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्याची ०.२. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत, चाचणीच्या द्रवात आर्सेनिक लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत पोहोचले की तो कचरा घातक ठरतो. बाटलीतला रिएजंट त्याच्या सहापट आहे. तरीही सुरक्षा पत्रकात ‘धोकादायक घटक नाही’ असे छापलेले असू शकते. याचे कारण असे की कर्करोगकारक घटक साधारणपणे ०.१ टक्क्याच्या वर असेल तरच मिश्रणाच्या पत्रकात दाखवावा लागतो. इथे रंगद्रव्य लिटरला १५५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ०.०१६ टक्के. पत्रक वाचून निर्धास्त झालेल्या लॅबने नियम मोडला असे म्हणता येत नाही आणि पाळला असेही म्हणता येत नाही.

आर्सेनाझो-३ या कामासाठी का निवडला जातो, हे समजून घेतले तर पर्यायांचा विचार सोपा होतो. रेणूचा मधला भाग क्रोमोट्रोपिक आम्लाचा आहे : नॅफ्थलीनचे जोडकडे, त्यावर दोन हायड्रॉक्सी आणि दोन सल्फोनिक गट. सल्फोनिक गटांमुळे हा रंग पाण्यात सहज विरघळतो. मध्यभागाच्या दोन्ही अंगांना अ‍ॅझो बंधाने एकेक बेंझिन कडे जोडलेले असते आणि त्या कड्यावर, बंधाच्या लगतच्या जागी, आर्सेनिक असलेला आर्सोनिक आम्लाचा गट असतो. जागा लगतची असणे महत्त्वाचे आहे. आर्सोनिक गटातला ऑक्सिजन, अ‍ॅझोचा नायट्रोजन आणि मधल्या कड्यावरचा हायड्रॉक्सी हे तिघे मिळून धातूच्या आयनाला धरतात. तो गट कड्याच्या दूरच्या टोकाला असता तर ही पकड बसली नसती. कॅल्शियम पकडले गेले की रंग जांभळ्याकडून निळ्याकडे सरकतो आणि ६५० नॅनोमीटरच्या आसपास शोषण वाढते. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ साव्हिन यांनी हा रिएजंट १९५९ मध्ये मांडला, तो थोरियम, युरेनियम, झिर्कोनियम मोजण्यासाठी. त्या धातूंना तो तीव्र आम्लातही धरतो, कॅल्शियमला मात्र जवळपास उदासीन द्रावण लागते. म्हणून एकच रंग अणुइंधनाच्या प्रयोगशाळेतही चालतो आणि नाक्यावरच्या पॅथॉलॉजीतही.

बनवण्याची रीत अ‍ॅझो रंगांचीच आहे. ऑर्थो-आर्सॅनिलिक आम्लाचे थंडीत डायझोकरण होते आणि ते क्रोमोट्रोपिक आम्लाला दोन वेळा जोडले जाते. पहिली जोडणी पटकन होते, दुसरी रेंगाळते. त्यामुळे बाजारातल्या मालात एकच हात जोडलेला रंग थोडाफार राहून जातो. लॉट बदलला की ब्लँकचे, म्हणजे नमुना न घातलेल्या रिएजंटचे, शोषण बदलते आणि कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते, त्यामागे हेही एक कारण असते. तळोजा किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा) मधल्या रंगद्रव्यांच्या कारखान्यांत काम केलेल्या कुणालाही यात नवीन काही वाटणार नाही.

लॅबवाल्यांना हा रिएजंट आवडतो त्याला सबळ कारणे आहेत. जुनी पद्धत ऑर्थो-क्रेसॉलफ्थॅलीन कॉम्प्लेक्सोनची. तिला पीएच १० च्या वर लागतो. दोन द्रावणे मिसळली की मिश्रण थोडेच दिवस टिकते, कारण ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि पीएच घसरतो. मॅग्नेशियमचा अडथळा काढायला त्यात हायड्रॉक्सीक्विनोलिन घालावे लागते. एमआरआयसाठी दिलेली गॅडोडायमाइडसारखी काही गॅडोलिनियम द्रव्ये रक्तात असतील तर या पद्धतीत कॅल्शियम खोटे कमी दिसते आणि डॉक्टर धावपळीत पडतात. आर्सेनाझोचे तसे नाही. एकच बाटली, ती महिनोन्महिने टिकते. वाचन ६५० ला असल्याने पिवळे किंवा थोडे लालसर झालेले सीरमही फारसे आड येत नाही. तेव्हा ‘उद्यापासून आर्सेनाझो बंद’ असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने रुग्णाच्या रिपोर्टचे भले होईलच असे नाही. आर्सेनिक नसलेले आणि गुणवत्तेतही तोडीस तोड असे दोन पर्याय आहेत : क्लोरोफॉस्फोनाझो-३, ज्यात आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस आहे, आणि एनएम-बाप्टा. नवे अ‍ॅनालायझर घेताना किंवा रिएजंटचा करार करताना हे विचारून घ्यावे. आज बहुतेक ठिकाणी प्रश्न फक्त ‘टेस्टमागे किती’ एवढाच असतो.

‘सेंद्रिय आर्सेनिक निरुपद्रवी असते’ हा युक्तिवादही ऐकू येतो. तो अर्धा खरा आहे. खाडीतल्या आणि समुद्रातल्या मासळीत, विशेषतः कोळंबी-खेकड्यात, जे आर्सेनिक असते ते बहुतांश आर्सेनोबीटेन या रूपात असते. ते शरीरात न बदलता लघवीवाटे निघून जाते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते गट ३ मध्ये, म्हणजे कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण न करता येणाऱ्यांत ठेवले आहे. मासळीचे ‘एकूण आर्सेनिक’ पाहून घाबरू नये, ते याचसाठी. पण त्याच संस्थेने डायमिथाइलआर्सिनिक आम्ल, म्हणजेच कॅकोडिलिक आम्ल, गट २ब मध्ये ठेवले आहे आणि असेंद्रिय आर्सेनिक, आपला सोमल, गट १ मध्ये. कार्बनला जोडलेले आर्सेनिक कायम तसेच राहील, याचीही खात्री नसते. रॉक्सारसोन हे त्याचे चांगले उदाहरण आहे. हे आर्सोनिक आम्ल अमेरिकेत अनेक दशके कोंबड्यांच्या खाद्यात घालत. कोंबडी ते जवळपास जसेच्या तसे बाहेर टाकते, म्हणून निश्चिंती होती. विष्ठेच्या ढिगात जिवाणूंनी त्याचे असेंद्रिय आर्सेनिक केले. २०११ मध्ये त्याची विक्री थांबवली गेली आणि पुढे मान्यताही मागे घेतली गेली. आर्सेनाझोच्या कड्यावरचा आर्सोनिक गट त्याच घराण्यातला आहे, आणि मलप्रक्रिया केंद्राच्या गाळात जिवाणूंना वेळही भरपूर मिळतो.

आता खरे वजन कुठे आहे ते सांगतो, कारण उगाच बागुलबुवा उभा करायचा नाही. दिवसाला २,००० कॅल्शियम तपासण्या करणारी मोठी लॅब धरा. अ‍ॅनालायझर टेस्टला साधारण २०० मायक्रोलिटर रिएजंट घेतो. म्हणजे रोज ४०० मिलिलिटर, आर्सेनिक १२ मिलिग्रॅम. ३०० दिवसांत ३.६ ग्रॅम. यंत्राचे धुण्याचे पाणीच शेकडो लिटर असते, त्यामुळे गटाराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नमुना घेतला तर ०.२ च्या आतच येईल. लहान लॅबमध्ये सेमी-ऑटो यंत्रावर टेस्टला १ मिलिलिटर लागतो, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. दिवसाला वीस टेस्ट असल्या तरी ०.६ मिलिग्रॅम. मुदत संपलेली ५० मिलिलिटरची भरलेली बाटली बेसिनमध्ये रिकामी केली तर मात्र एका झटक्यात दीड मिलिग्रॅम. १५० लिटर शुद्ध पाण्याला पिण्याच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला तेवढे पुरते.

याच्या कितीतरी पुढे आहे सोडियम कॅकोडिलेट, वर आलेल्या कॅकोडिलिक आम्लाचे लवण. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी ऊतींचे तुकडे ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवताना हे बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) वापरतात, बहुधा ०.१ मोलर. एका लिटरला ट्रायहायड्रेट २१.४ ग्रॅम, त्यातले आर्सेनिक ७.५ ग्रॅम. वर सांगितलेल्या मोठ्या लॅबच्या दोन वर्षांच्या कॅल्शियम रिएजंटमधले आर्सेनिक या एका लिटरमध्ये मावते. ते लिटर गटारात ०.२ च्या मर्यादेत न्यायचे तर साडेसदतीस हजार लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजारी टँकर जवळजवळ चार. हे बफर लोकप्रिय होण्याचे कारण असे की त्यात अमाइन नसल्याने ते ग्लुटाराल्डिहाइडशी भांडत नाही, फॉस्फेटसारखे कॅल्शियमबरोबर साका धरत नाही, आणि विषारी असल्यामुळेच त्यात बुरशी-जिवाणू वाढत नाहीत, बाटली महिनेच्या महिने टिकते. बफर म्हणून ते तसे बेताचेच आहे. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला बफरची ताकद सर्वाधिक असते तो आकडा, ६.३ च्या आसपास, आणि वापरतात ७.२ ते ७.४ ला, जिथे त्याची ताकद उतरलेली असते. पाइप्स (पीकेए ६.८), हेप्स (७.५) किंवा साधे फॉस्फेट बऱ्याच ऊतींना चालते. जुन्या प्रोटोकॉलमध्ये लिहिले आहे म्हणून कॅकोडिलेट, हे कारण पुरेसे नाही.

गटारात गेल्यावर पुढे काय होते? मलप्रक्रिया केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, आर्सेनिक खाऊन संपत नाही. थोडे गाळाला चिकटते, उरलेले पाण्याबरोबर पुढे जाते. औद्योगिक सांडपाण्याच्या सामायिक केंद्रात फेरिक किंवा तुरटीने साका धरतात. असेंद्रिय आर्सेनेट लोहाच्या साक्यावर छान बसते, कॅकोडिलेट मात्र फारसे बसत नाही, कारण दोन मिथाइल गटांनी आर्सेनिकच्या पकडीच्या जागा अडवलेल्या असतात. पुढे खाडी आहे. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, आणि प्रक्रिया केलेले पाणी आपण बागांना आणि उद्योगांनाही देतो आहोत.

लॅबमध्ये सर्रास दिसणारी चूक हायपोची. द्रव कचऱ्यात सोडियम हायपोक्लोराइट ओतले की आर्सेनाझोचा जांभळा रंग पाहता पाहता जातो आणि समोरच्याला वाटते, झाले काम. हायपोने अ‍ॅझो बंध तुटतो, म्हणून रंग जातो. आर्सेनिक जितके होते तितकेच राहते. जंतूंसाठी हायपो हवाच, नियमही तेच सांगतात, पण त्यानंतर ते पाणी बेसिनमध्ये सोडायला मोकळीक मिळत नाही. कॅकोडिलेटच्या बाटलीत तर हायपोही नको आणि आम्ल तर अजिबात नको. आम्ल आणि जस्तासारखा धातू किंवा इतर क्षपणक एकत्र आले तर आर्सिनच्या जातीचे अतिविषारी वायू सुटू शकतात.

तपासणीतही लोक दोन बाजूंनी फसतात. पाण्यासाठी मिळणाऱ्या आर्सेनिकच्या फील्ड किटमध्ये मर्क्युरिक ब्रोमाइडच्या पट्टीवर डाग पाहतात. तो डाग असेंद्रिय आर्सेनिकपासून निघणाऱ्या आर्सिनचा असतो. कार्बनला जोडलेले आर्सेनिक तसा डाग देत नाही किंवा अगदी पुसट देते, आणि पट्टी कोरी पाहून ‘आर्सेनिक नाही’ असा शेरा पडतो. आर्सेनिकचा असाच वायू करून मोजणाऱ्या हायड्राइड पद्धतीच्या एएएस यंत्रावरही हेच होते. आधी मॅग्नेशियम नायट्रेट घालून नमुना कोरडा जाळून किंवा परसल्फेटबरोबर उकळून कार्बनचा बंध पूर्ण तोडावा लागतो, मग पोटॅशियम आयोडाइड आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने आर्सेनिकला त्रिसंयुजी करावे लागते. दुसरीकडे आयसीपी-एमएस हे अणूंच्या वस्तुमानावरून मोजणारे यंत्र आर्सेनिक कोणत्याही रूपात असो, मोजते. पण नमुन्यात हायपो पडला असेल तर क्लोराइड भरपूर असते. यंत्रातला आर्गॉन आणि क्लोरिन मिळून ७५ वस्तुमानाचा आयन बनतो आणि आर्सेनिकही नेमका ७५ चाच. त्याला दुसरे स्थिर समस्थानिकच नाही की त्यावर मोजून पडताळा घ्यावा. असे खोटे आयन गाळणारा हेलियमचा कोलिजन सेल चालू नसेल तर आकडा फुगतो. रिपोर्ट मागताना ‘एकूण आर्सेनिक, आयसीपी-एमएस, हेलियम मोड’ एवढे लेखी घ्यावे. नमुना एचडीपीई प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा, नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणावा, आणि तो शेवटच्या चेंबरमधून घेऊ नये. यंत्राच्या कचरानळीवर, इतर पाणी मिसळण्याआधी घ्यावा.

लहान लॅबला करता येण्यासारखे बरेच आहे, आणि खर्च जवळपास नाही. सेमी-ऑटो यंत्रात सगळ्या टेस्टचा कचरा एकाच बाटलीत जातो. म्हणून कॅल्शियमचे सगळे नमुने दिवसाच्या शेवटी एकत्र लावावेत आणि त्या आधी कचऱ्याची बाटली बदलावी. झाल्यावर फ्लो-सेल (यंत्रात द्रव मोजला जातो तो कप्पा) डिस्टिल्ड पाण्याने तीन-चार वेळा धुवावा, ते धुणेही त्याच बाटलीत. धुण्याने द्रव दुप्पट झाला तरी लिटरला १५ मिलिग्रॅम राहतेच, तेव्हा ‘पातळ झाले’ म्हणून सोडून देऊ नये. मग हायपोची ठरलेली प्रक्रिया करावी आणि ५ लिटरच्या जाड एचडीपीई कॅनमध्ये साठवावे. धातूचा डबा नको. मुदत संपलेल्या बाटल्या न उघडता तशाच बाजूला ठेवाव्यात. दिवसाला वीस टेस्ट करणाऱ्या लॅबचा कॅन भरायला चार महिने सहज लागतील.

मोठ्या यंत्राचे गणित वेगळे आहे. अनेक यंत्रांना दाट कचऱ्याची आणि धुण्याच्या पाण्याची अशा दोन वेगळ्या नळ्या असतात. बसवताना घाईघाईत दोन्ही एकाच पाइपात सोडतात. निदान दाट नळी तरी वेगळ्या टाकीत घ्यावी. पण त्यात इतर साऱ्या टेस्टचे रिएजंट असतात आणि टाकी रोज भरते, म्हणून अशा लॅबने रिएजंटच बदलणे शहाणपणाचे. मायक्रोस्कोपीच्या प्रयोगशाळांनी कॅकोडिलेटचा कॅन, ऑस्मियमचा कॅन आणि युरेनिल अ‍ॅसिटेटचा कॅन स्वतंत्र ठेवावेत. युरेनियमचे चार थेंब आर्सेनिकच्या कॅनमध्ये पडले की तो किरणोत्सारी आणि विषारी असा दुहेरी कचरा होतो आणि मग तो घ्यायला कुणीच पुढे येत नाही.

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लॅबच्या द्रव कचऱ्यावर आधी प्रक्रिया करा असे म्हटले आहे खरे. पण सांडपाण्याच्या मर्यादांच्या यादीत पीएच, तरंगते घन पदार्थ, तेल-ग्रीस, बीओडी, सीओडी आणि ९६ तासांत ९० टक्के मासे जगण्याची कसोटी एवढेच आहे. आर्सेनिक नाही. त्यामुळे तपासणीचा कागद स्वच्छ येतो आणि घातक कचऱ्याच्या नियमाला मात्र हरताळ फासला जातो.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागणी आहे ती एवढीच. लॅबच्या संमतिपत्राच्या अर्जात ‘कॅल्शियमसाठी कोणता रंग वापरता, दर महिन्याला किती लिटर’ आणि ‘कॅकोडिलेट वापरता का, किती ग्रॅम’ हे दोन रकाने घालावेत. एकेका लॅबचा पाच लिटरचा कॅन तळोज्याच्या घातक कचरा केंद्रापर्यंत नेणे कुणालाच परवडणार नाही. म्हणून ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी वॉर्डनिहाय, वर्षातून दोनदा, असे कॅन एकत्र गोळा करण्याचे वेळापत्रक जाहीर करावे. किट विकणाऱ्यांनी मुदत संपलेल्या बाटल्या परत घ्याव्यात आणि लेबलवर लिटरमागे आर्सेनिक किती हे मराठीत छापावे. तोवर कॅनवर तंत्रज्ञाने स्वतःच मार्करने लिहावे : ‘आर्सेनिकयुक्त द्रव, आम्ल घालू नये, बेसिनमध्ये ओतू नये’, खाली भरायला सुरुवात केल्याची तारीख.

आपले,
पॅथॉलॉजी व रसायनशास्त्राच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
वाशी आणि ठाणे